पाहुण्याचे पाय

अकोट्याच्या पुलाआधीचा स्पीडब्रेकर ड्रायव्हरला दिसला नाही. गाडी उडून आपटली आणि मागच्या सीटवरच्या माणसाच्या तोंडून एक आवाज निघाला. दाराच्या फटीत शेपूट सापडलेलं मांजर करतं तसला, बारीक, घशाच्या पार मागून आलेला. शलाकानं मांडीवरच्या अनुजला छातीशी ओढलं आणि वळून पाहिलं. तोमास बेरुएते खिडकीबाहेर विश्वामित्रीकडे बघत होता, आवाज नदीनं केल्यासारखा. चेहरा गुळगुळीत, दाढी नुकतीच केलेली, वरच्या ओठावर हॉटेलच्या कॉफीचा तपकिरी काठ. फक्त डावा हात खाली गेलेला, घोट्याभोवती, चोरलेली वस्तू झाकावी तसा. आणि त्या हाताच्या दिशेनं वास येत होता. दुखण्यावर मारायच्या स्प्रेचा थंड, टोचरा वास, आणि त्याच्याखाली दुसरा, जुना, शनिवारी धुवायचा राहिलेला डबा सोमवारी उघडावा तसा. तिच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. तिनं काच खाली केली. बाहेरून नदीचा वास आला. तिनं काच वर केली.

अनुज झाल्यापासून तिचं नाक तिचं राहिलं नव्हतं. स्वतःच्या ब्लाउजला येणारा आंबट दुधाचा वास तिला चालायचा, अनुजच्या मानेच्या घडीत साचलेल्या लाळेचा वास तर ती मुद्दाम, कुणी बघत नसताना, पुन्हापुन्हा घ्यायची. पण बाकीचं जग एकाएकी नासल्यासारखं झालं होतं. लिफ्टमधला शेजाऱ्यांचा सेंट, फडक्याला लागलेलं कालचं वरण, नवऱ्याच्या, हार्दिकच्या, ऑफिसच्या मोज्यांचा गोळा. बाळंतपणानंतर होतं असं, सासूबाई म्हणाल्या होत्या, जाईल. गेलं नव्हतं. उलट काल संध्याकाळपासून ते नाकातून खाली उतरून पोटात जाऊन बसलं होतं, आणि त्याला आता वास लागत नव्हता. शब्दही पुरत होते. पर्समध्ये घडी करून ठेवलेला मानपत्राचा कागद आठवला तरी मळमळत होतं.

मानपत्र तिनंच लिहिलं होतं. लहरीपुऱ्यात कापडाच्या दुकानांच्या पाठीमागे तिच्या सासऱ्यांचं, जगदेवराव ऊर्फ आबासाहेबांचं, क्रीडा मंडळ होतं. एके काळी तिथे आखाडा होता. सासऱ्यांचे आजोबा सरकारच्या फौजेत होते आणि सुट्टीच्या दिवशी तिथे कुस्त्या लावायचे. आता त्या मातीवर मुली फुटबॉल खेळत. या महिन्यात कुठल्याशा स्पॅनिश कंपनीनं आपला एक निवृत्त खेळाडू गावोगाव फिरवायला काढला होता. तो मॅच बघणार, एक मुलगी निवडणार, ती मुलगी दोन महिने स्पेनला शिकायला जाणार. बडोद्याच्या वाट्याला आलेला खेळाडू तोमास बेरुएते आहे हे कळलं तेव्हा आबासाहेबांना ते नाव माहीत नव्हतं. शलाका मात्र हातातली दुधाची बाटली तशीच धरून उभी राहिली होती. "तुला येते ने ती भाषा?" आबासाहेब म्हणाले होते. "मग तूच बोल त्याच्याशी. आणि मानपत्रही तूच लिही. लेखणी तुमच्या घराण्यात, आमच्याकडे नुसत्या तलवारी. त्याही गंजलेल्या."

पुलावरून गाडी उतरली तशी उजवीकडे तिच्या माहेरची इमारत दिसली, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वडिलांचा पांढरा बनियन वाळत होता. तिनं त्यांना किती सांगितलं होतं, चला ना, भेटा. सदानंदराव पेपरातून वरही न बघता म्हणाले होते, "टीव्हीतला माणूस टीव्हीतच बरा दिसतो गं." आणि त्या टीव्हीसमोर, त्याच घरात, रविवारी दुपारी, आई झोपलेली असताना, आवाज बारीक करून, बाप आणि लेक स्पेनच्या जुन्या मॅचेस बघायचे. तेव्हा ती तेरा-चौदाची होती, आणि तिला गोल करणारे आवडायचे नाहीत. गोल करणारे धावत जाऊन शर्ट काढायचे, छात्या बडवायचे, माकडं. तिला मधला आवडायचा. मधोमध उभा राहणारा, कुणाच्या लक्षात न येणारा, इकडचं तिकडे देणारा. बेरुएते तसा होता. खालच्या डिव्हिजनच्या एका संघातून, वरच्या डिव्हिजनमध्ये जायच्या शेवटच्या मॅचमध्ये, त्यानं एक पास दिला होता. त्याच्या अंगावर दोघं धावून आले, आणि त्यानं खाली पायाकडे न बघता, ज्या बाजूला कुणीच नव्हतं, नुसतं रिकामं हिरवं गवत होतं, तिकडे चेंडू सोडून दिला. टीव्हीवरचं सगळं मैदान क्षणभर चुकलं, चुकलं असं झालं. आणि मग त्या रिकाम्या जागेत कुठूनसा एक माणूस आला. वडील उठून उभे राहिले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, आई उठली असती. नुसते दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून दाबले. "माणूस येणार हे त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "जागेवर विश्वास पाहिजे." ते वाक्य शलाका पुढे कितीतरी ठिकाणी घेऊन गेली. विद्यापीठात सगळ्या मैत्रिणी जर्मनकडे वळल्या तेव्हा ती स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसली, तिथे सहाच मुलं होती. पवनचक्क्यांच्या कंपनीत दुभाषी म्हणून लागली. हार्दिकला हो म्हणतानाही, खरं तर, तिनं पायाकडे पाहिलं नव्हतं.

काल हॉटेलच्या लॉबीत तिनं त्याला त्या पासबद्दल विचारलं. विचारायच्या आधी तिला लाज वाटली होती, आई झालेल्या बाईला शोभणार नाही अशी. तो सोफ्यात रुतून बसला होता, दातांनी अंगठ्याचं नख कुरतडत, आणि कुरतडलेले तुकडे खमणच्या बशीत ठेवत होता, नीट, एकाशेजारी एक. त्याला आधी आठवेना. मग आठवलं तसा तो हसायला लागला. "तो होय. तो मी दिलाच नव्हता." म्हणजे? "मला उजवीकडे द्यायचा होता. गेला डावीकडे. पाय नव्हताच ना त्या दिवशी. लाकूड होतं. मॅचच्या आधी डॉक्टरनं दोन ठिकाणी टोचलं, मध्यंतरात पुन्हा. बुटात एक हाड मोडलेलं होतं. चेंडू पायाला कुठे लागला, लागला की नाही, मला काही कळलं नाही. लोक ओरडले तेव्हा वळून बघितलं." आणि त्यानं तोंडातला नखाचा तुकडा थुंकला, तो बशीत न पडता गालिच्यावर पडला. शलाका फोनवर रेकॉर्ड करत होती. तिनं विचारलं, नेहमी असंच का? त्यानं सगळी कारकीर्द सांगितली, विकायला काढलेलं घर दाखवावं तशी, खोलीमागून खोली. गावात मिरच्या डब्यात भरायचा कारखाना, आईबाप दोघं तिथे, हात कायम भाजलेले. क्लबानं उचलून नेलं तेव्हा तो लहान होता, रडला म्हणून कुणी रागावलं नाही, नुसते दिवे घालवले. सोळाव्या वर्षी पहिली सुई. डॉक्टर भला माणूस होता, टोचताना आपल्या बायकोच्या तक्रारी सांगायचा. मग खालची डिव्हिजन, मग एक मोसम वरची, त्यातला अर्धा बाकावर. मग दुसऱ्यांना उसना दिलेला खेळाडू, या क्लबाचा त्या क्लबाला. मग एक बेट, तिथे पगार मिळत नव्हता पण समुद्र होता. शेवटी भारत, जिथे लोक हार घालायचे. "मधल्या खेळाडूला कुणी बघत नाही," तो म्हणाला, "म्हणून त्याला कितीही टोचता येतं." हे त्यानं चांगलं वाक्य बोलल्यासारखं म्हटलं, आणि तिनं ते लिहून घेतलंय का हे वाकून पाहिलं.

तेव्हाच तिनं भक्तीचं विचारलं. विचारायला आबासाहेबांनीच सांगितलं होतं. भक्ती तिच्या मोठ्या दिरांची मुलगी. आईबाप नोकरीसाठी सुरतला, पोर फुटबॉलसाठी इथे वासण्याला आजीआजोबांकडे. दहावीतली, हडकुळी, मैदानावर मधे खेळणारी. शलाकाचीच ती चूक म्हणायची. लग्न होऊन आल्यावर तिनंच या मुलीला शेजारी बसवून जुन्या मॅचेस दाखवल्या होत्या आणि वडिलांचं वाक्य ऐकवलं होतं. चार दिवसांपूर्वी सरावात भक्तीचा घोटा मुरगळला. सुजून भरल्या वांग्यासारखा झाला, रंगही तोच. हाडवैद्यानं, मग खऱ्या डॉक्टरनं, दोघांनी सांगितलं, महिनाभर पाय टेकायचा नाही. पण आबासाहेबांच्या ओळखीचे दुसरे एक डॉक्टर होते, ते म्हणाले मॅचपुरतं बधिर करून देतो. आईसाहेब, शलाकाच्या सासूबाई, म्हणाल्या नको. भक्ती रडली. "काकू, प्लीज ने. एक इंजेक्शन तर आहे. आयुष्यात एकदा बोलावतायत." आबासाहेब दोघींच्या मधे उभे राहून टक्कल खाजवत होते. त्यांचा स्वतःचा गुडघा कुस्तीत गेला होता आणि ते त्याला 'आमचा जुना नोकर' म्हणत. "आपण कोण ठरवणारे?" शेवटी ते म्हणाले. "एवढा मोठा खेळाडू येतोय. त्यालाच विचारू. तो म्हणेल तसं."

आणि तो म्हणाला होता, "टोचा आणि खेळवा." बोटं पुसून. सोफ्याच्या कापडाला. "रडेल थोडी, मग विसरेल. सगळे विसरतात."

घरी येऊन शलाकानं अनुजला पाजलं आणि आबासाहेबांना सांगितलं की ते काही बोलले नाहीत, विषय निघाला नाही. आबासाहेब बरं म्हणाले. स्वयंपाकघरात भक्ती ओट्याला टेकून, एका पायावर, करकोच्यासारखी उभी राहून पोळीला तूप लावत होती आणि गुणगुणत होती. तिला नको म्हणणारी शलाका कोण? जिनं तिच्या डोक्यात हे भरलं तीच. आता काय म्हणून सांगायचं, की तो पास चुकला होता? रिकाम्या जागेवर कुणाचा विश्वासबिश्वास नव्हता, एक मेलेला पाय होता? हे वाक्य तोंडात आलं की तिला खरोखर उमासा येत होता, लहानपणी दुधावरची साय चुकून घशात गेल्यावर यायचा तसा. तिनं मानपत्र मात्र पूर्ण केलं. 'ज्यांच्या पावलांना मैदान ओळखते' असं लिहिलं. आबासाहेबांनी त्यात 'रणांगण' घातलं.

लहरीपुरा दरवाजाशी गाडी अडकली. पुढे हातगाडीवर स्टीलच्या डब्यांचा डोंगर, मागे रिक्षांचे हॉर्न, दुकानांच्या पायऱ्यांवर ओढण्यांचे ढीग. अनुजला दात येत होते, तो तिच्या बोटाचं पेर हिरड्यांत धरून दाबत होता, गरम, ओलं, जोरात. मागून तोमासनं विचारलं, अजून किती लांब. तिनं सांगितलं, आलंच. त्यानं पुन्हा स्प्रे काढला, मोज्याच्या आत नळी घालून फुस्स केलं. "कातडीला काही कळत नाही," तो सहज म्हणाला, हवामानाविषयी बोलावं तसं. "सगळं आतल्या हाडाला कळतं. विचित्र आहे ना?" ती म्हणाली, हो. अनुज शिंकला.

मंडळाच्या फाटकात आबासाहेब भगवा फेटा बांधून उभे होते. मागे वीसेक मुली, निळ्या शर्टात, केसांना तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. काही पालक, फोटोवाला, समोसे आणि जलेबी-फाफड्यांचं टेबल, त्यावर माश्या. गोठलेल्या पाकाच्या कडेला माश्या चिकटून हातपाय हलवत होत्या, आणि एक बाई त्यातूनच जलेबी उचलून आपल्या पोराला देत होती. "वेलकम, वेलकम, पधारो," आबासाहेब म्हणाले आणि तोमासला मिठी मारली. मग, शलाका अनुजला आईसाहेबांकडे देत होती तेवढ्यात, त्यांनी भक्तीला पुढे ओढलं. तिच्या पायाकडे बोट दाखवलं, दोन बोटांनी सुई टोचल्याची खूण केली. "इंजेक्शन? प्ले? ओके?" तोमासनं भक्तीकडे पाहिलंही नाही नीट. अंगठा वर केला. "इंजेक्शन, येस. नो प्रॉब्लेम." आबासाहेबांचा चेहरा एकदम सैल झाला; त्यांच्या मनावरचा दगड दुसऱ्या कुणीतरी उचलला होता. "बघा," ते आईसाहेबांना म्हणाले, "मी सांगत होतो. डॉक्टर बसलेत आत. सत्कार झाला की लगेच." भक्तीनं शलाकाकडे पाहून डोळे मिचकावले. आनंदानं तिची मान लाल झाली होती. आईसाहेबांनी अनुजचं टोपडं सारखं केलं, नव्हतं वाकडं तरी.

मंडळात एक रीत होती. कुस्तीच्या दिवसांपासूनची. परगावचा पैलवान आला की त्याला मातीत घेण्याआधी परातीत उभा करून त्याचे पाय धुवायचे, अंगठ्यांना कुंकू लावायचं, आणि ते परातीतलं पाणी आपल्या पोरांच्या पायांवर शिंपडायचं. पाहुण्याच्या पायांत जे असेल ते आपल्या पोरांच्या पायांत यावं. माती गेली, पैलवान गेले, चेंडू आला, पण परात राहिली. दरवेळी शलाकाला ती रीत बघून हसू यायचं. आज मांडवाखाली ठेवलेली ती पितळी परात, शेजारी तांब्या, आणि तांब्या धरायला नटूनथटून उभी केलेली भक्ती बघून तिला हसू आलं नाही. संघातली सर्वांत चांगली खेळणारी पाय धुते, ही पण रीतच.

पायऱ्यांशी बूट काढायची वेळ आली तेव्हा तोमास थांबला. त्यानं शलाकाच्या कोपराला धरलं, आणि त्याच्या तळहाताचा घाम तिच्या कातडीला लागला. "बूट नाही काढणार," तो हळू म्हणाला. "त्यांना सांग मला त्वचेचा रोग आहे. संसर्ग आहे. काहीही सांग. कृपा कर." त्याच्या आवाजात काल एकदाही नव्हतं असं काहीतरी होतं. तो गाडीतला आवाज, पण शब्दांत. शलाकाला ते कळलं. आणि कळल्याबरोबर, जिना उतरताना शेवटची पायरी नाहीच असं व्हावं तसं, तिच्या पोटातली ती मळमळ एकदम थांबली. त्या जागी काहीतरी गार, कोरडं, फार स्वच्छ बसलं.

"काय म्हणतायत?" आबासाहेबांनी विचारलं.

"म्हणतायत, हा माझा सन्मान आहे," शलाका म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, त्याच्या भाषेत, नीट, एकेक शब्द वेगळा करून ती म्हणाली, "ते ऐकत नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. काढावा लागेल."

तो तिच्याकडे बघत राहिला. सगळे हसत त्याच्याकडे बघत होते, फोटोवाल्यानं गुडघा टेकला होता. तोमास खुर्चीवर बसला, पाठ मैदानाकडे करून. उजवा बूट सहज निघाला. डावा काढताना त्यानं श्वास आत घेऊन धरला. मोजा कातडीला चिकटला होता, तो सोलावा लागला. आणि मग तो पाय बाहेर आला. आल्याचा गड्डा असतो तसा, कुठूनही गाठी निघालेला. घोटा घोट्याच्या जागी नव्हता, थोडा पुढे सरकून दुसऱ्याच कुणाचा लावल्यासारखा. दोन बोटं एकमेकांत मिसळलेली, अंगठ्याला नख नाही, नखाच्या जागी पिवळी, मेणासारखी गादी. वर रेघा, शिवलेल्या, उसवून पुन्हा शिवलेल्या. टाचेच्या वरती एक खड्डा, त्याची कड ओली. समोशांचा, जाईच्या हाराचा, मुलींच्या तेलाचा वास बाजूला सारून तो डब्याचा वास मांडवात शिरला. एका पालक बाईनं पदर नाकाला लावला आणि मग आपण तसं केलं हे लक्षात येऊन खाली घेतला. फोटोवाल्यानं कॅमेरा वर, तोमासच्या चेहऱ्यावर नेला. आबासाहेब म्हणाले, "अरेरे." एवढंच. शलाकाच्या तोंडात खारट पाणी आलं, ते तिनं गिळलं, आणि डोळे हलवले नाहीत. हाच तो पाय. याच पायातून रविवारच्या दुपारी ते हिरवं गवत उघडलं होतं. यानंच वडिलांना उभं केलं होतं. तिला वाटलं, या माणसाला आपण भर मांडवात नागवा केला.

तो परातीत उभा राहिला. हसला, कॅमेऱ्यासाठी, मान ताठ, नजर लांब कुठेतरी कापडाच्या दुकानांच्या गच्चीवर. भक्ती खाली बसली, तिचा सुजलेला पाय बाजूला लांब करून. तिनं उजव्या पायावर पाणी घातलं, चोळलं. मग डाव्यावर. हात क्षणभर थांबला, आणि मग गेला. पोरगी न घाबरता चोळत होती, बोटांच्या बेचक्यांत, गाठींवरून, कपाळाला आठ्या घालून, गणित सोडवताना घालते तशा. मग शलाकानं पाहिलं की ती धूत नाहीये. तिनं अंगठा त्याच्या घोट्याखाली रोवला होता आणि वर त्याच्या तोंडाकडे बघत होती. दाबला. अजून दाबला, नख पांढरं होईपर्यंत. वर तोमास फोटोवाल्याकडे बघून हसत होता. भक्तीनं नखानं चिमटा काढला. तो हसतच होता. तिनं मान वळवली. "काकू," ती म्हणाली, मोठ्यानं नव्हे, "यांना कळतच नाहीये."

भक्तीनं अंगठ्यांना कुंकू लावलं. नख नसलेल्या अंगठ्यावर ते ओघळलं.

मोजा चढवताना तोमासनं शलाकाला जवळ बोलावलं. वाकलेलाच होता, तोंड दिसत नव्हतं. "तू त्यांना सांगितलंच नाहीस," तो म्हणाला. ती म्हणाली, नाही. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. "माझ्या आईनंही पाहिलेला नाही हा," तो म्हणाला. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. तिला त्याच्या मानेवरचे बारीक पांढरे केस दिसले, न्हाव्याकडून सुटलेले. तिला स्वतःची किळस आली, ओळखीची, बिनवासाची. आणि तरीही तिला माहीत होतं की पुन्हा तो क्षण आला तर ती पुन्हा तेच वाक्य, एकेक शब्द वेगळा करून, बोलेल.

"शलाका, मानपत्र," आबासाहेबांनी हाक मारली. तिनं कागद उघडला, माईकपाशी गेली. रीतीप्रमाणे इकडे मानपत्राचं वाचन आणि तिकडे परातीतलं पाणी शिंपडणं, दोन्ही एकदम व्हायचं. मुलींनी बूट काढून ओळ केली होती. 'क्रीडारणांगणातील वीर,' तिनं वाचायला सुरुवात केली, आणि तिचा आवाज लाउडस्पीकरमधून कापडाच्या दुकानांवर आपटून परत तिच्याकडे आला, दुसऱ्याच कुणा बाईचा. भक्तीनं परात उचलली. एका पायावर भार देत, लंगडत, पाणी हिंदकळू न देता ती ओळीपर्यंत गेली. पाण्यात कुंकवाचा लाल धागा फिरत होता. मुलींनी पावलं पुढे केली, गोरी, काळी, नेलपॉलिश लावलेली, खरचटलेली, सगळी सरळ, सगळ्या नखांसकट. 'ज्यांच्या पावलांना मैदान ओळखते,' शलाका वाचत होती. भक्ती ओळीसमोर उभी राहिली. मग ती ओळ सोडून पुढे चालू लागली. शेवटच्या मुलीला वळसा घालून, भिंतीपाशी, जिथे समोशांच्या बश्या धुवायची मोरी होती, तिथे गेली, वाकली, आणि सगळं पाणी ओतून टाकलं. परात उपडी करून दोनदा भिंतीवर आपटली, थेंब झटकायला, घरी आईसाहेब आपटतात तशी.

"भक्ती," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "अगं, काय केलंस हे? पाहुण्यांच्या देखत..." मंडळाच्या खोलीच्या दारात डॉक्टर आले होते, हातात रबराचे हातमोजे, आणि कुणाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं. तोमासनं शलाकाकडे पाहिलं, हे काय म्हणून, आणि तिनं पहिल्यांदाच त्याला काही भाषांतर करून दिलं नाही. त्यानं मोरीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. मग हळूच, अंगठा वर न करता, त्यानं नको अशी मान हलवली. आबासाहेबांनी ते पाहिलं. त्यांचा हात आपल्या गुडघ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

भक्ती आईसाहेबांच्या पायाशी, पायरीवर येऊन बसली. अनुजनं वाकून तिची वेणी धरली. तिनं ती सोडवली नाही. आपला सुजलेला पाय मांडीवर घेतला, क्रेप बँडेजची पिन काढली आणि पट्टी फेऱ्यामागून फेरी सोडायला लागली. घोटा बाहेर आला, जांभळा, तकतकीत, उन्हात. तिनं त्यावर अंगठा ठेवला, मघा ठेवला होता तसाच, आणि दाबला.

"आई गं," ती कळवळली. डोळ्यांत पाणी आलं. माईक जवळच चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"दुखतंय?" आईसाहेबांनी विचारलं.

"दुखतंय," भक्ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा, खात्री करून घेतल्यासारखं, दाबून पाहिलं.